शरणपूरची ती मुलं

स्नेहमेळाव्याच्या समितीने "तू इतिहासवाला, तेव्हा स्मरणिकेसाठी शाळेच्या इतिहासावर लिही" असा निरोप धाडला. मी लगेच हो म्हटलं आणि आता शब्द फिरवतो आहे. शाळेचा इतिहास आपल्या बाई आणि सर माझ्यापेक्षा कितीतरी चांगला लिहितील. मला लिहायचं आहे ते आपल्या वर्गात नववीत घडलेल्या एका प्रसंगाविषयी. तो घडून चाळीस वर्षं होत आली. बहुतेकांना तो आठवतही नसेल. ज्याला आठवत असेल त्याच्यासाठीच खरं तर हा लेख.

इतिहासाच्या सरांनी आपल्याला घरचा अभ्यास दिला होता : आपण राहतो त्या भागाचं नाव कसं पडलं ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहून आणा. पंचवटी, काळाराम, भद्रकाली असं सगळं रामायण-पुराणांतलं वाचून झालं. मग मागच्या बाकावरचा आपला एक मित्र उठला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला कळेलच. तो शरणपूरचा, ख्रिस्ती घरातला. त्याने वाचलं की शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव. तिथे पूर्वी आफ्रिकेतून सोडवून आणलेली हबशी मुलं राहायची. त्यांतला एक मुलगा पुढे एका मोठ्या गोऱ्या साहेबाचं प्रेत जंगलातून समुद्रापर्यंत घेऊन गेला आणि थेट विलायतेला पोचला. हे सगळं त्याला त्याच्या आजीने सांगितलं होतं.

वर्ग खो खो हसला. "हबशी पोरं, नाशकात?" असं कोणीतरी ओरडलं. मी उठून म्हणालो, "सर, मिशनऱ्यांनी लोक बाटवले म्हणून ते शरणपूर. ही सगळी थाप आहे." सरांनी मला गप्प बसवलं, पण तास संपत आला होता, विषय तिथेच राहिला. त्या मुलाने वही मिटली. त्यानंतर दहावीपर्यंत त्याने वर्गात काही वाचून दाखवल्याचं मला आठवत नाही.

पुढे मी विज्ञान सोडून इतिहासाकडे वळलो. पुण्यात एम.ए. करताना एका दुपारी ग्रंथालयात डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासाची रोजनिशी चाळत होतो. काम वेगळंच होतं. पण पानामागून पान एक शब्द यायला लागला : "नासिक बॉइज". नाशिकची पोरं! आधी वाटलं दुसरं कुठलं तरी नासिक असेल. मग मुंबईचा उल्लेख आला, आणि मला नववीचा तो तास आठवला. मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

आजीची गोष्ट, आता कागदावरून

आता सीबीएसकडून कॅनडा कॉर्नरकडे जाणारा शरणपूर रोड डोळ्यांपुढे आणा. आपण सायकली हाणत रोज तिथून गेलो. तिथे काय घडलं होतं ते थोडक्यात सांगतो.

इंग्लंडमधल्या चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशकात १८३२ साली सुरू झालं. मराठी मुलखात मिशनांची ही पहिली पावलं नव्हेत. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ सालचं आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, स्कॉटिश मिशनने १८२३ साली कोकणात बाणकोटला काम सुरू केलं, आणि अमेरिकन मिशनचं अहमदनगरचं ठाणं १८३१ सालचं. नाशकात शाळा काढल्या गेल्या, आणि १८५०च्या दशकाच्या मध्यावर गावाबाहेर ख्रिस्ती झालेल्यांची एक वसाहत उभी राहिली. तेच शरणपूर.

त्या काळात झांझिबार हा पूर्व आफ्रिकेतल्या गुलामांचा मोठा बाजार होता. आतल्या मुलखातून पकडून आणलेली माणसं गलबतांत कोंबून अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे नेली जात. ब्रिटिश आरमाराची जहाजं समुद्रात अशी गलबतं पकडत. सोडवलेल्या माणसांना परत कुठे पाठवायचं हा प्रश्न असे, कारण गाव लुटलेलं, आईबाप मेलेले किंवा विकलेले, आणि मूल इतकं लहान की गावाचं नावही धड सांगता येत नाही. अशी पुष्कळ मुलं मुंबईला उतरवली गेली. साधारण १८६०पासून त्यांतली काही शरणपूरला येऊ लागली. इथल्या आफ्रिकन आश्रमाची जबाबदारी विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याकडे होती. मुलांना लिहिणं-वाचणं, इंग्रजी आणि बायबल शिकवत. सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातचे धंदे शिकवत. मुलीही होत्या. ही मुलं पुढे 'बॉम्बे आफ्रिकन' या नावाने ओळखली गेली, पण त्यांतली अनेक वाढली ती आपल्या नाशकात.

१८६५ साली लिव्हिंग्स्टन मुंबईत होता. नाईल नदीच्या उगमाचा शोध घ्यायला त्याला पुन्हा आफ्रिकेत जायचं होतं. तो नाशकाला आला आणि शरणपूरचे नऊ तरुण त्याने बरोबर घेतले. १८६६च्या जानेवारीत ही मंडळी मुंबईहून निघाली. त्याच तांड्यात चुमा नावाचा मुलगा होता. तो शरणपूरचा नव्हे. लिव्हिंग्स्टनने त्याला मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं होतं. सुसी नावाचा दुसरा एक जण मधल्या काळात मुंबईच्या गोदीत काम करत होता. पुढे १८७२ साली शरणपूरला शिकलेल्या आणखी काही तरुणांची तुकडी झांझिबारहून लिव्हिंग्स्टनकडे रवाना झाली. तिच्यात जेकब वेनराइट, कारस फरार आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते.

१८७३च्या मे महिन्याच्या आरंभी आजच्या झांबियात, चितांबो या मुखियाच्या गावी, लिव्हिंग्स्टन वारला. त्याला तिथेच पुरून ही माणसं आपापल्या वाटेने गेली असती तर कोणी बोल लावला नसता. त्यांनी तसं केलं नाही. काळीज एका झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थनापुस्तकातून अंत्यविधी वाचला आणि झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली. मग शरीर उन्हात सुकवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून ते किनाऱ्याकडे निघाले. वाटेत ताबोराला कॅमेरॉन नावाचा ब्रिटिश अधिकारी भेटला. इथेच पुरा, पुढे धोका आहे, असं त्याने सुचवलं. त्यांनी ते मानलं नाही. १८७४च्या फेब्रुवारीत, नऊ महिन्यांहून जास्त चालून, ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले. तिथे बाकीच्यांचा हिशेब चुकता करून त्यांना मोकळं करण्यात आलं. प्रेताबरोबर इंग्लंडला गेला तो एकटा जेकब वेनराइट, आणि त्याच्या प्रवासाचा खर्च चर्च मिशनरी सोसायटीने केला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत नाशकात शिकलेला हा तरुण होता.

आजीने सांगितलेली गोष्ट ती हीच.

मिशनचे कागद वाचताना

एवढ्यावर थांबलो तर मी दुसरी चूक करेन. आधी "बाटवाबाटवी" या एका शब्दात सगळं उडवलं होतं, आता "उद्धार केला" या शब्दात सगळं गुंडाळेन. मिशनांचा इतिहास शिकताना मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो या दोन तयार गोष्टींचा. दोन्हींत कर्ता मिशनरीच असतो, एकीत देवमाणूस आणि दुसरीत कपटी. ते मूल दोन्ही गोष्टींत नुसतं एक वस्तू असतं, कोणीतरी उचललेली आणि कुठेतरी ठेवलेली.

मिशनचे कागद मात्र विपुल आहेत, आणि ते जपलेलेही आहेत. चर्च मिशनरी सोसायटीचं दप्तर बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे. अमेरिकन बोर्डाचं दप्तर हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. आपल्या जिल्ह्याच्या खेड्यातली दुष्काळाची हकिगत कधीकधी आपल्याकडच्या कचेरीत मिळत नाही, ती तिथे मिळते. पण हे कागद कोणी, कोणासाठी लिहिले ते आधी विचारावं लागतं. मिशनरी पत्र लिहायचा ते देणगीदार वाचणार हे मनात धरून. त्यामुळे पत्रात एक तर यश असतं किंवा यशाच्या आधीचा कष्ट. कंटाळा, भांडण, पैशांची ओढाताण हे छापील अहवालात सापडत नाही. ते हाताने लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या चार ओळींत सापडतं.

दुसरी गोष्ट, एका कागदावर भरवसा ठेवायचा नाही. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत नाशिकच्या पोरांविषयी तक्रारींचा पाढा आहे : आळशी आहेत, ऐकत नाहीत, मागे रेंगाळतात. काहींनी वाटेत त्याला सोडलंही. नुसती रोजनिशी वाचली तर ही मुलं नालायक ठरतात. पण तीच रोजनिशी, तेच कागद, तीच उपकरणं आज जगाला मिळाली आहेत ती नाशकात शिकलेल्या तरुणांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती जिवापाड सांभाळून किनाऱ्यावर आणली म्हणून. धन्याचं मत एका पानावर आहे आणि नोकराची कृती शेवटच्या पानानंतर आहे. इतिहास लिहिणाऱ्याला दोन्ही वाचावी लागतात.

तिसरी गोष्ट, त्यांचं स्वतःचं म्हणणं कुठे आहे ते शोधायचं. रोजनिशीचं पुस्तक १८७४ सालीच लंडनला छापलं गेलं. त्यातला मृत्यूचा आणि परतीच्या प्रवासाचा भाग संपादकाने मुख्यतः सुसी आणि चुमा यांना विचारून लिहिला. पण जेकब स्वतः इंग्रजी लिहू शकत होता आणि त्याने वाटेत रोजनिशी ठेवली होती. ती त्याच वर्षी छापली गेली, पण एका जर्मन भूगोलविषयक नियतकालिकात, भाषांतर होऊन. कारस फरारनेही आपली हकिगत लिहून ठेवली होती. एवढ्या गाजलेल्या प्रवासाचे दोन साक्षीदार शरणपूरला अक्षर गिरवून तयार झाले होते, आणि त्यांचं लिखाण कित्येक वर्षं बाजूला पडून होतं.

त्यातून एक कोडंही आहे. जेकबने झाडावर कोरलेली तारीख ४ मे आहे. वेस्टमिन्स्टरच्या थडग्यावर आणि आपल्या पुस्तकांत १ मे आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगायचो. दोन तारखा दिसल्या की एक खोडून मोकळं व्हायचं नाही. कोणी, कधी, कशावरून सांगितलं ते विचारत बसायचं.

नावांचा प्रश्न

आता जे मला सगळ्यात जड जातं ते. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फरार ही नावं पुन्हा वाचा. ही नावं त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नाहीत. फरार हे तर नाशकात काम केलेल्या मिशनऱ्याचंच आडनाव. मॅथ्यू वेलिंग्टनचं मूळ नाव चेंगविंबे होतं, तो याओ जमातीचा, एवढं तरी नोंदलं गेलं आहे. बाकीच्या बहुतेकांचं तेवढंही नाही. गुलाम पकडणाऱ्यांनी घर हिरावलं आणि सोडवणाऱ्यांनी नाव बदललं. जीव वाचवणं आणि नाव पुसणं या दोन्ही गोष्टी एकाच हाताने, बहुधा एकाच आठवड्यात झाल्या. मला यातलं एक सांगून दुसरं लपवता येत नाही.

त्यांचं पुढचं आयुष्यही असंच सरळ नाही. १८७३ साली बार्टल फ्रिअर यांच्या खटपटीनंतर झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार झाला. हे फ्रिअर १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. सुटलेल्या गुलामांसाठी आफ्रिकेतच वसाहत हवी असं ठरलं. त्या कामावर नेमला गेला तो शरणपूरचाच प्राइस. १८७५ साली मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसलं, आणि शरणपूरचे शंभराहून जास्त आफ्रिकन स्त्री-पुरुष तिकडे गेले. गाव कसं वसवायचं, शाळा कशी चालवायची, सुतारकाम-लोहारकाम कसं उभं करायचं हे त्यांना येत होतं. एका अर्थाने मोंबासाच्या त्या वस्तीचा नकाशा नाशकात तयार झाला.

पण तिथे सगळं गोड नव्हतं. प्राइस परतल्यावर आलेल्या युरोपियन व्यवस्थापकाच्या काळात फटक्यांच्या शिक्षा दिल्या गेल्या, त्याविरुद्ध तक्रारी झाल्या आणि १८८१ साली चौकशी झाली. शरणपूरहून गेलेल्या आफ्रिकन ख्रिस्ती लोकांना आपण गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीचे नाही आहोत हे वारंवार कळत राहिलं. विल्यम जोन्स हा त्यांतलाच. तो आणि इश्माएल सेमलर १८६४ सालीच मोंबासाकडे गेले होते. १८८५ साली दोघांनाही पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला, तेव्हा उरलेला तांडा परत आणला तो जोन्सने. राबाईला पळून आलेल्या गुलामांना त्याने आसरा दिला. धन्यांनी ते परत मागितले. शेवटी १८८९ साली ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने मालकांना पैसे देऊन तिथल्या चौदाशेच्या आसपास माणसांची कायमची सुटका झाली. शरणपूरचा जो अर्थ आजीने सांगितला होता, शरण आलेल्यांचं गाव, तो अर्थ जोन्सने हजारो मैलांवर जाऊन खरा केला. आणि या वेळी शरण देणारा गोरा मिशनरी नव्हता, स्वतः सोडवलेला आफ्रिकन होता.

लिव्हिंग्स्टनला वाहून आणणाऱ्यांसाठी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने चांदीची साठ पदकं पाडली. तोवर माणसं पांगली होती, बऱ्याच जणांपर्यंत पदक पोचलंच नाही. जेकब १८९२ साली आजच्या टांझानियात वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा तेव्हा आपल्या शाळेच्या वयाचे असतील. इतकं ते जवळचं आहे. मोंबासात फ्रिअरटाउनची घंटा आजही कमानीत उभी आहे, त्या ठिकाणाला केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. तिकडची माणसं घंटेच्या नावाने थांबा सांगतात, आपण शरणपूरच्या नावाने रिक्षावाल्याला पत्ता सांगतो, आणि दोघांनाही एकमेकांची खबर नाही.

राहिलेला हिशेब

निवृत्त झाल्यावर आता मला स्पष्ट दिसतं की त्या तासाला वर्गात एकच जण इतिहासाचा अभ्यास करून आला होता. त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं, जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं आणि भर वर्गात वाचलं. पोथीतलं वाचलं ते आपण खरं मानलं, आजीने सांगितलं ते खोटं ठरवलं. सव्वाशे वर्षं एका वस्तीने तोंडी जपलेली गोष्ट एका मिनिटात थाप ठरली, कारण ती सांगणारा मुलगा कोण होता ते आपल्याला आधीच ठाऊक होतं. पुढे मी मुलाखती घ्यायला गावोगाव हिंडलो, म्हाताऱ्या माणसांपुढे टेपरेकॉर्डर ठेवून बसलो, तेव्हा एखादी अशक्य वाटणारी गोष्ट कानावर आली की मी आधी गप्प राहायला शिकलो. ते शिक्षण मला विद्यापीठात मिळालं नाही. ते नववीच्या त्या तासाची भरपाई होती.

मित्रा, तुझ्या आजीचं सगळं बरोबर होतं. साहेबाचं नाव तेवढं तिने सांगितलं नव्हतं किंवा तू लिहिलं नव्हतंस. चुकलो होतो ते आम्ही, आणि सगळ्यांत मोठ्याने चुकलो तो मी. चाळीस वर्षांनी कागदपत्रं दाखवून माफी मागणं हे इतिहासवाल्याचंच लक्षण, पण माफी मागतो.

समितीला एक विनंती आहे. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, कार्यक्रमपत्रिकेत दोन तास मोकळे दिसतात. सगळ्यांनी मिळून शरणपूरला चालत जाऊ. चर्चपाशी, झाडाखाली बसू. आपले सर येणार आहेत असं कळलं आहे. त्यांचा तो तास अर्धवट राहिला होता. वही मिटली त्याच्या पुढचं त्याने वाचावं, आणि या वेळी आपण ऐकावं.